गर्दीच्या विमानतळावरून खासगी गाडी ठरवताना: बुकिंगपासून गाडीच्या दारापर्यंत

विमानतळावरून नेणारी गाडी आधीच ठरवून ठेवणं हे वरवर पाच मिनिटांचं काम आहे. तारीख टाकायची, पत्ता टाकायचा, पैसे भरायचे. तरीही कुठल्याही मोठ्या विमानतळाच्या अरायव्हल हॉलमध्ये फोन कानाला लावून इकडेतिकडे बघणारी माणसं दिसतातच, आणि त्यांचा ड्रायव्हर पलीकडच्या दाराशी त्यांच्याच नावाची पाटी धरून उभा असतो. एकदा गाडीत बसल्यावर सहसा काही बिघडत नाही. सगळा घोळ विमान थांबल्यापासून गाडीचं दार उघडेपर्यंतच्या तासाभरात होतो, आणि बुकिंग करताना नेमका त्या तासाचाच विचार राहून जातो. म्हणून पुढचं बहुतेक सगळं त्या तासाबद्दल आहे.

आधी ठरवायची गरज आहे का?

दिवसाढवळ्या उतरताय, हातात एकच बॅग आहे आणि विमानतळावरून थेट रेल्वे शहरात जाते, तर खासगी गाडीवर पैसे घालवू नका. टोकियोचं नारिता विमानतळ शहराच्या मध्यापासून साधारण ६० किलोमीटरवर आहे. तिथून गाडी केली तर भाडं जबर होतं, आणि ट्रेन बहुतेक वेळा आधी पोचवते. उलट मध्यरात्री उतरणार असाल, सोबत तान्हं मूल किंवा वयस्कर माणसं असतील, सामान भरपूर असेल, किंवा त्या देशात फोन चालेल की नाही याची खात्री नसेल, तर गाडी आधी ठरवा. भाडं थोडं जास्त पडलं तरी चालेल.

विमानतळ आणि टर्मिनल नीट तपासा

मोठ्या शहरांना एकापेक्षा जास्त विमानतळ असतात. लंडनसाठी हीथ्रो, गॅटविक, स्टॅनस्टेड, लूटन, सिटी अशी यादीच आहे. न्यूयॉर्कला जाणारं विमान जेएफकेला उतरेल, लाग्वार्डियाला उतरेल किंवा शेजारच्या न्यू जर्सी राज्यातल्या नेवार्कला. इस्तंबूलचे दोन विमानतळ तर दोन खंडांत आहेत: मुख्य विमानतळ युरोपच्या बाजूला आणि सबिहा गोकचेन आशियाच्या बाजूला. बुकिंगच्या फॉर्ममध्ये शहराचं नाव टाकलं की पहिला पर्याय आपोआप निवडला जातो आणि आपण पुढे जातो. तिथे थांबा. तिकिटावरचा विमानतळाचा तीन अक्षरी कोड आणि फॉर्ममधला कोड एकच आहे का ते बघा.

टर्मिनलचंही तसंच. हीथ्रोची २ आणि ३ ही टर्मिनलं जवळजवळ आहेत, पण ४ आणि ५ वेगळीकडे आहेत. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळावर २जी हे टर्मिनल २ च्याच नावाचं असूनही बाकीच्यांपासून तुटक आहे. तिथे जायला शटल बस घ्यावी लागते. चुकीच्या टर्मिनलवर उभा असलेला ड्रायव्हर "आलोच पाच मिनिटांत" म्हणेल, पण पार्किंगमधून बाहेर पडून दुसरीकडे आत शिरण्यात त्याची वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. टर्मिनल आयत्या वेळी बदलू शकतं, त्यामुळे निघायच्या दिवशी ते पुन्हा एकदा बघायचं.

वेळ: सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या

फॉर्ममध्ये 'पिकअपची वेळ' असा रकाना असतो. तिथे काय लिहायचं हे कंपनीच्या पद्धतीवर ठरतं, म्हणून आधी तिला तीन गोष्टी विचारा. तुम्ही फ्लाइटवर लक्ष ठेवता का? मोफत वेटिंग किती मिनिटांचं, आणि ती मिनिटं कधीपासून मोजता? त्यानंतर दर पंधरा मिनिटांना किती घेता?

यातला दुसरा प्रश्न मोलाचा आहे. आंतरराष्ट्रीय फ्लाइटला ४५ ते ६० मिनिटं मोफत वेटिंग बऱ्याच ठिकाणी मिळतं. पण काही कंपन्या ते विमान प्रत्यक्ष उतरल्यापासून मोजतात आणि काही तुम्ही लिहिलेल्या वेळेपासून. पहिल्या प्रकारात तिकिटावरचीच वेळ द्या, बाकीचं ते बघून घेतात. दुसऱ्या प्रकारात तिकिटावरची वेळ दिलीत तर तुम्ही इमिग्रेशनच्या रांगेत असतानाच तुमची मोफत मिनिटं संपतात. अशा ठिकाणी वेळ पुढची लिहा. चेक-इन बॅगा असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासाला मी उतरण्याच्या वेळेत एक तास मिळवते, देशांतर्गत प्रवासाला अर्धा तास. नुसती केबिन बॅग असेल आणि इमिग्रेशन नसेल तर वीस मिनिटं पुरतात.

'उतरल्यापासून' या शब्दातही मेख आहे. तिकिटावरची पोचण्याची वेळ ही विमान गेटला लागण्याची असते. फ्लाइट ट्रॅकिंगवर मात्र चाकं धावपट्टीला टेकली की 'उतरलं' असं दिसतं. मधला वेळ विमान जमिनीवर चालतच असतं. ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाची पोल्डरबान ही धावपट्टी टर्मिनलपासून इतकी लांब आहे की तिथून गेटपर्यंत यायलाच पंधरा-वीस मिनिटं लागू शकतात. मोफत वेटिंगचं घड्याळ चाकं टेकल्यापासून सुरू होत असेल तर ही मिनिटं तुमच्या खात्यातून जातात. ४५ आणि ६० मिनिटांचा पर्याय असेल तर ६० घ्या.

कनेक्टिंग फ्लाइट असेल तर आणखी एक हिशेब करायचा: इमिग्रेशन कुठे होणार? फ्रँकफर्टला विमान बदलून रोमला जाणाऱ्याचं शेंगेन क्षेत्रातल्या (आपसातल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) प्रवेशाचं इमिग्रेशन फ्रँकफर्टलाच उरकतं, रोमला तो देशांतर्गत प्रवाशासारखा बाहेर पडतो. अमेरिकेत जो पहिला विमानतळ लागेल तिथेच इमिग्रेशन आणि कस्टम्स होतं. अपवाद म्हणजे अबू धाबी आणि डब्लिनहून थेट अमेरिकेला जाणाऱ्यांची तपासणी बहुतेक फ्लाइटना तिथेच, विमानात बसायच्या आधी होते. अशा प्रवाशांनी ड्रायव्हरला तासाभरानंतरची वेळ दिली तर बॅगा घेऊन तेच ताटकळत बसतील.

फ्लाइट नंबर शेवटच्या टप्प्याचा द्यायचा. घरून निघतानाच्या विमानाचा दिला तर कंपनी भलत्याच विमानावर लक्ष ठेवते. एकाच विमानाला दोन-तीन कंपन्यांचे नंबर असतात तेव्हा, प्रत्यक्ष विमान चालवणाऱ्या कंपनीचा नंबर तिकिटावर वेगळा लिहिलेला असतो. तो द्या.

आता तारखेचा सापळा. विमान १४ तारखेला २३:४० ला पोचतं. तुम्ही बाहेर याल ००:४० च्या सुमाराला, म्हणजे तारीख १५. फॉर्ममध्ये १४ तारीख आणि ००:४० लिहिलंत तर ड्रायव्हर तब्बल एक दिवस आधी येऊन, वाट बघून निघून जाईल, आणि पैसेही जातील. मध्यरात्रीच्या आसपासची वेळ असली की कंपनीला शब्दांत लिहून कळवा: "१४ तारखेच्या रात्री उशिरा, घड्याळाप्रमाणे १५ तारखेच्या पहाटे ००:४०." वेळ नेहमी उतरण्याच्या ठिकाणची, चोवीस तासांच्या घड्याळाची. महिना आकड्यात न लिहिता नावाने लिहा, कारण ०५/०६ हे अमेरिकेत ६ मे असतं आणि इतर बऱ्याच देशांत ५ जून.

गाडी केवढी हवी

गाडीच्या चित्राखाली 'चार प्रवासी' लिहिलेलं असतं. चार माणसं बसतीलही, पण त्यांच्या बॅगांचं काय? साध्या सेदानच्या डिकीत दोन मोठ्या बॅगा आणि वर एक-दोन लहान, एवढंच धरून चला. विमान कंपन्यांच्या चेक-इन बॅगेची कमाल मर्यादा बऱ्याचदा लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटर असते. त्या मापाच्या तीन बॅगा असल्या की मोठी गाडीच हवी. काही गाड्यांच्या डिकीत गॅसची टाकी बसवलेली असते, तिथे दोन बॅगाही मुश्कील. सात आसनी गाडीत तिसरी रांग उघडी ठेवली की मागे सामानाला जागा उरत नाही, त्यामुळे सात माणसं आणि सात बॅगा असतील तर व्हॅनच बघा. बॅगांची संख्या लिहिताना बाबागाडी, व्हीलचेअर, वाद्याची पेटी वगैरे वेगळं नमूद करा.

लहान मुलाची सीट मागताना नुसतं 'चाइल्ड सीट हवी' म्हणू नका. वय, वजन आणि उंची तिन्ही कळवा. तान्ह्या बाळाला पाठमोरी, म्हणजे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशी सीट लागते. युरोपातल्या आर१२९ या मानकाप्रमाणे १५ महिन्यांपर्यंत मूल पाठमोरंच बसवायचं असतं. शाळकरी मुलाला बूस्टर, म्हणजे बसण्याची उंची वाढवणारी सीट लागते. सीट मिळणार असल्याचं कन्फर्मेशनमध्ये लिहून आलं नसेल तर ती येणार नाही असं समजून पुन्हा विचारा. टॅक्सीला काही देशांत सीटच्या नियमातून सूट आहे, पण अपघात झाला तर ती सूट मुलाच्या काय कामाची? सीट मागाच.

कंपनी कशी निवडायची, भाडं कसं ठरवायचं

कंपनीकडे त्या शहराचा परवाना आहे ना, हे सगळ्यात आधी. लंडनमध्ये रस्त्यात हात दाखवून फक्त काळी टॅक्सी थांबवता येते. खासगी गाडी परवानाधारक ऑपरेटरकडे आधी बुक केलेली असावी लागते आणि परवाने ट्रान्सपोर्ट फॉर लंडन ही शहराची वाहतूक संस्था देते. इतर बऱ्याच शहरांतही अशी व्यवस्था आहे, परवाना क्रमांक अधिकृत वेबसाइटवर तपासता येतो. अभिप्राय वाचताना एकूण तारे सोडून द्या. 'विमानाला उशीर', 'ड्रायव्हर आला नाही', 'पैसे परत' असे शब्द शोधून तेवढेच अभिप्राय वाचा. कंपनी अडचणीत कशी वागते ते तिथे कळतं. मेसेजवर व्यवहार करून एखाद्याच्या खासगी खात्यात आगाऊ रक्कम मागणाऱ्यांपासून लांब राहा.

भाड्याबद्दल एकच प्रश्न पुरतो: "हा आकडा शेवटचा आहे का?" टोल, विमानतळाचं पार्किंग, रात्रीचा जादा आकार, कर, नावाची पाटी घेऊन आत येण्याचा आकार, चाइल्ड सीट, हे सगळं त्यात धरलंय असं लेखी घ्या. बुकिंग किती तास आधीपर्यंत फुकट रद्द करता येतं तेही बघा, आणि ते तास कुठल्या देशाच्या घड्याळाने मोजतात तेही.

पैसे शक्यतो निघण्याआधी कार्डने भरा. परदेशात पोचल्यावर भरायला गेलात आणि बँकेचा ओटीपी घरच्या सिमवर आला, तर रोमिंग नसेल तेव्हा तो दिसणारच नाही. रोखीनेच द्यायचे असतील तर चलन कोणतं आणि सुटे लागतील का ते आधी विचारा.

भेटायचं कुठे

'अरायव्हलला भेटू' हा पत्ता होऊ शकत नाही. एका हॉलला दोन-तीन दारं असतात, बाहेर दोन मजल्यांवर रस्ते असतात, आणि काही विमानतळांवर गाड्यांना दाराशी थांबायची परवानगीच नसते. लॉस एंजेलिसच्या एलएएक्स विमानतळावर २०१९ पासून ॲपवरून बोलावलेल्या साध्या गाड्या टर्मिनलच्या दारातून मिळत नाहीत. टर्मिनल १ शेजारच्या एलएएक्स-इट नावाच्या वेगळ्या जागी जावं लागतं.

दोन पद्धती असतात. एकात ड्रायव्हर गाडी पार्क करून हॉलमध्ये पाटी घेऊन उभा राहतो. दुसरीत तो जवळपास थांबतो, तुम्ही फोन केला की दाराशी येतो. दुसरी स्वस्त पडते, पण तुमचा फोन तिथे चालायला हवा. पहिल्यांदाच जात असाल, तर मी पाटीवालीच पद्धत घ्यायला सांगेन. जागा ठरवताना हलणार नाही अशी खूण घ्या: दाराचा क्रमांक, खांबाचा क्रमांक, माहिती केंद्राचं टेबल. दुकानाच्या नावावर भेटायचं ठरवू नका, एकाच नावाची दोन दुकानं एकाच टर्मिनलमध्ये असू शकतात.

पाटीवर आडनावासोबत पहिलं नावही लिहायला सांगा, पण हॉटेलचं नाव किंवा पत्ता नको. गर्दीत उभा असलेला कुणीही तो वाचू शकतो.

आई-बाबा एकटे येणार असतील तेव्हा जास्त तयारी लागते. बुकिंगमध्ये प्रवासी म्हणून त्यांचं नाव, संपर्कासाठी त्यांचा आणि तुमचा असे दोन्ही नंबर. बरेच ड्रायव्हर पाटी टॅब्लेटवर दाखवतात. मग त्यांचं नाव देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून त्याचं चित्र कंपनीला पाठवा आणि हीच पाटी लावा म्हणून सांगा. परक्या देशात, रात्रभराच्या प्रवासानंतर, शंभर इंग्रजी पाट्यांच्या गर्दीत आईला 'सुमन कुलकर्णी' असं मराठीत लिहिलेलं दिसलं की तिला कुणाला काही विचारावं लागत नाही. व्हीलचेअर घेतली असेल तर विमानातून उतरताना त्यांचा नंबर बहुधा शेवटचा लागतो, तेवढी मिनिटं वेळेत धरा. व्हीलचेअर ढकलणाऱ्या मदतनिसाला दाखवायला भेटण्याच्या जागेचा इंग्रजी कागद त्यांच्या हातात द्या. नाहीतर तो त्यांना नेहमीच्या दाराशी सोडून पुढच्या कामाला जाईल.

निघण्यापूर्वी

आदल्या दिवशी कंपनीला एक संदेश पाठवून सगळं पुन्हा पक्कं करा. ड्रायव्हरचं नाव, नंबर, गाडीचा रंग आणि नंबरप्लेट बहुधा काही तास आधी येते, म्हणजे तुम्ही विमानात असताना. त्यामुळे कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन नंबर आधीच लिहून घ्या, देशाच्या कोडसह. कन्फर्मेशनचा स्क्रीनशॉट फोनमध्ये, आणि एक छापील प्रत पासपोर्टसोबत.

फोन उतरल्यावर कसा चालणार तेही आजच ठरवा: रोमिंग, ई-सिम की विमानतळाचं वायफाय. काही विमानतळांवर वायफायसाठी एसएमएसवर कोड येतो, आणि रोमिंग बंद असेल तर तो येत नाही. चीनमध्ये तिथल्या सिमवर किंवा वायफायवर व्हॉट्सॲप चालत नाही. संयुक्त अरब अमिरातीत व्हॉट्सॲपचे संदेश जातात, पण त्यावरून फोन सहसा लागत नाही. कंपनीशी बोलायचा दुसरा मार्ग हाताशी ठेवा.

कनेक्टिंग फ्लाइट चुकली तर त्या क्षणी, पुढचं तिकीट हातात यायच्याही आधी, कंपनीला कळवा. फ्लाइटवर लक्ष ठेवणारी व्यवस्था इथे उपयोगी पडत नाही. विमान वेळेवर पोचलेलं तिला दिसतं, तुम्ही त्यात नव्हता हे दिसत नाही. ड्रायव्हर येतो, थांबतो, आणि तुमच्या नावापुढे 'प्रवासी आला नाही' अशी नोंद होते. 'नो-शो' म्हणतात ती हीच, आणि तिचे पैसे सहसा परत मिळत नाहीत.

उतरल्यावर

विमान गेटकडे चालत असतानाच फोन सुरू करून ड्रायव्हरला दोन शब्द लिहा: उतरलो, किती बॅगा यायच्यात. इमिग्रेशनची रांग लांब असेल तर रांगेत शिरतानाच कळवा, कारण पुढे बऱ्याच ठिकाणी फोन वापरायला मनाई असते. बॅग बेल्टवर आलीच नाही, तर बाहेर पडू नका. आतल्याच काउंटरवर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घ्यायचा असतो, पण त्या रांगेत उभं राहण्याआधी ड्रायव्हरला संदेश जाऊ दे. तो थांबणार की नाही, जादा किती होणार, हे तेव्हाच विचारून घ्या.

बाहेर आलात की "टॅक्सी? टॅक्सी?" करत माणसं गळ्यात पडतील. काही जण "तुमची गाडी रद्द झाली, मला पाठवलंय" असंही सांगतात. खरा ड्रायव्हर ओळखायची सोपी रीत आहे: आपलं नाव आपण सांगायचं नाही, त्याला विचारायचं. "कुणाला न्यायला आलात? कुठे जायचंय?" दोन्ही उत्तरं बरोबर आली आणि नंबरप्लेट संदेशातल्या नंबरशी जुळली, मगच बॅग हातातून सोडायची. गाडी आयत्या वेळी बदलली असेल तर कंपनीला फोन करून खात्री करा. प्रामाणिक ड्रायव्हर त्यावर रागावत नाही.

ड्रायव्हर सापडला नाही तर

ठरलेली जागा सोडू नका. दोघंही शोधायला निघाले की चुकामूक वाढतेच. पहिल्यांदा टर्मिनल आणि दाराचा क्रमांक बघा, मग ड्रायव्हरला फोन करा. आवाजाच्या गोंगाटात आणि परक्या उच्चारात फोनवर जागा समजावणं अवघड जातं, त्यापेक्षा दाराचा क्रमांक दिसेल असा फोटो काढून पाठवा. फोन लागत नसेल तर कंपनीच्या ऑफिसला लावा, आणि ऑफिसकडून ड्रायव्हर नेमका कुठे आहे आणि किती मिनिटांत येईल हे दोन्ही वदवून घ्या.

पंधरा-वीस मिनिटांत पत्ता लागला नाही, तर दुसरी गाडी घ्यायला हरकत नाही. पण विमानतळाच्या अधिकृत टॅक्सी रांगेतलीच घ्या, आणि निघण्याआधी कंपनीला लेखी कळवा: "मी अमुक वेळेपासून ठरलेल्या जागी उभा आहे, ड्रायव्हर आला नाही, फोन लागत नाही, आता दुसऱ्या गाडीने जातोय." सोबत तिथला फोटो जोडा. हा संदेश न पाठवता निघालात तर ड्रायव्हर मागून येऊन तुमच्या नावावर नो-शो लावू शकतो, आणि मग कोण आलं नाही हे सिद्ध करायची पाळी तुमच्यावर येते. दुसऱ्या टॅक्सीची पावती सांभाळून ठेवा. पैसे परत मागताना संदेश, फोटो, फोन केल्याच्या नोंदी आणि ही पावती एकाच ईमेलमध्ये पाठवा. कंपनीने दाद दिली नाही तर तीच कागदपत्रं कार्ड देणाऱ्या बँकेकडे द्या आणि न मिळालेल्या सेवेबद्दल व्यवहारावर हरकत नोंदवा. त्याला मुदत असते, म्हणून घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात हे काम उरका.